ताडपत्रीखालचं टेंगूळ

आमच्या भागात गारांचं कौतुक कुणालाच नाही. मोसम आला की भर दुपारी आभाळाला शेवाळी रंग चढतो, वारा एकदम पडतो, आणि मग लिंबाएवढ्या, एखाद्या वर्षी मुठीएवढ्या गारा अशा कोसळतात की काही विचारू नका. इथल्या झाडून सगळ्या गाड्यांचे टप पोचे पडलेले. एखादा गुळगुळीत टप दिसला की समजावं, कुणाकडे तरी पाहुणे आलेत.

आमचा धंदा छपरांचा. फुटलेली कौलं बदलायची, गळती शोधायची, आणि कौलं बदलायला सवड मिळेपर्यंत छपरावर ताडपत्री टाकून द्यायची. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सुरू केलेला हा धंदा. ते गेले, आता आम्ही नवराबायको चालवतो. हे वर असतात, मी खाली. छपराबद्दल बोलतेय मी. घरात कोण वर आणि कोण खाली ते आमच्या सुताराला विचारा. हा सुतार मामंजींच्या वेळेपासून आमच्याकडे आहे. मला वहिनी म्हणतो, ह्यांना दादा म्हणतो, आणि आमच्या भांडणात पडत नाही. निदान त्या आठवड्यापर्यंत तरी पडला नव्हता.

मामंजींनी धंद्याबरोबर एक हाकही मागे ठेवली. पूर्वी कधीतरी दुसऱ्याच कुणाच्या माणसांनी घाईघाईत एका घरावर ताडपत्री टाकली आणि तिच्याखाली गीझरचं धुराडं झाकून टाकलं. धुराडं म्हणजे ती नळी हो, गॅसच्या गीझरचा धूर छपरातून बाहेर सोडणारी. ती कोंडली की तो धूर घरातच फिरतो. त्याला ना वास, ना रंग. माणूस अंघोळीला जातो, चक्कर येते, आणि तिथेच पडतो. त्या घरातली माणसं वेळेवर दवाखान्यात पोचली म्हणून वाचली. पण मामंजींनी कानाला खडा लावला. तेव्हापासून आमच्याकडे ताडपत्रीवरची शेवटची लाकडी पट्टी ठोकण्याआधी वरच्या माणसानं ओरडायचं, "धुराडं?" खालच्यानं नळीचं तोंड डोळ्यांना दिसेपर्यंत मागे मागे सरकायचं आणि दिसलं की ओरडायचं, "मोकळं!" न बघता ओरडायचं नाही.

मामंजी वर असायचे तेव्हा खाली उभ्या राहून माझ्या सासूबाई ओरडायच्या. त्यांचे गुडघे गेले आणि ते काम माझ्याकडे आलं. गिऱ्हाइकं हसतात. गल्लीतली पोरं तर माझ्या आधीच "मोकळं!" करून पळतात. हसेनात का बापडी.

सासूबाई आमच्यात राहत नाहीत. दोन गल्ल्या सोडून, मामंजींनी बांधलेल्या घरात एकट्या असतात. "माझ्या घरात मी राणी, तुमच्या घरात मी पाहुणी," असं एकदा म्हणाल्या आणि तो विषय तिथेच मिटला. आमचं दोघींचं फार गूळपीठ आहे अशातला भाग नाही. त्यांना माझा आवाज मोठा वाटतो आणि त्यांना ऐकू कमी येतं. आता सांगा, मी बोलावं तरी कसं?

पण त्यांच्या छपराच्या मागच्या उतारावरची कौलं गेल्या मोसमात तडकली होती, आणि ती मला जाता-येता दिसायची. मी ह्यांना सांगून सांगून थकले. "बघतो, ह्या गिऱ्हाइकाचं काम हातावेगळं होऊ दे." मग दुसऱ्यांचं हातावेगळं होऊ दे. मग तिसऱ्यांचं. शेवटी एक दिवस सुतारासमोरच माझा तोल गेला.

"जगाची छपरं शाकारता आणि जन्म दिलेल्या आईच्या डोक्यावर फुटकी कौलं!" मी म्हटलं. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

हे खिळ्यांचा डबा बंद करत होते. वर न बघता म्हणाले, "तुला आईचा एवढा पुळका कधीपासून आला?"

बस्स. मला इतकं लागलं ते की सांगता येत नाही. मागच्या वर्षी त्या तापानं फणफणल्या होत्या तेव्हा उशाशी कोण बसलं होतं? ह्यांची बायकोच ना? आमचं पटत नाही हे खरं, पण पुळका म्हणे! हातातला झाडू भिंतीला टेकवला, आत गेले, आणि अबोला धरला.

मी बोलायची थांबले की घर कसं गार पडतं हे ह्यांना पक्कं ठाऊक आहे. पण हे तरी कुठे कमी आहेत? त्यांनीही तोंडाला कुलूप लावलं. म्हणजे झालं असं की कामावर दोघं समोरासमोर उभे, आणि मधे सुतार.

"सुतारभाऊ, त्यांना म्हणावं, शिडी डावीकडे घ्या. तिथली जमीन मऊ आहे."

"सुतारा, तिला सांग, मला डोळे आहेत."

सुतार एकदा माझ्याकडे बघायचा, एकदा त्यांच्याकडे, आणि म्हणायचा, "दोघांनीही ऐकलंय ना? मग मी जाऊन पट्ट्या कापतो."

असे काही दिवस गेले. आणि मग एका सकाळी गारांचा पहिला मारा झाला. थोडाच वेळ, पण चांगला सणसणीत. तो थांबतो न थांबतो तोच फोन वाजायला लागले. कुणाचं स्वयंपाकघर गळतंय, कुणाच्या पलंगावर कौल पडलंय. त्यात सासूबाईंचाही फोन. त्या फोनवर नेहमीच ओरडून बोलतात. म्हणाल्या, "माझ्या न्हाणीघरातून आभाळ दिसतंय. सवडीनं या."

सवडीनं! ह्यांचा चेहरा असा काही पडला, की मला खरं तर तेव्हाच दोन शब्द बोलायला हवे होते. पण मी कसली बोलतेय! मी गाडीत जाऊन बसले.

पोचेपर्यंत आभाळ परत शेवाळी व्हायला लागलं होतं. कौलं बदलण्याइतका वेळ नव्हताच. ताडपत्री टाकायची, पट्ट्या ठोकायच्या आणि पळायचं, एवढंच हातात होतं. हे पुढच्या बाजूनं वर चढले. मी मागच्या अंगणात उभी राहिले. सुतार गाडीतून पट्ट्या आणायला गेला. सासूबाई न्हाणीघराच्या खिडकीशी उभ्या राहून, काच सरकवून, सगळं बघत होत्या. ती त्यांची जुनी खोड. आमचं काम त्या नेहमी परीक्षा घ्यायला आल्यासारख्या बघतात.

ह्यांनी आढ्यावरून ताडपत्री मागच्या उतारावर सोडली. आता नीट ऐका. त्यांच्या गीझरचं धुराडं त्याच मागच्या उतारावर आहे. सकाळच्या गारांनी त्याची टोपी उडवली होती आणि नळी मुळाशी मोडून कौलांवर कलंडली होती. त्यामुळे आढ्यापलीकडून ह्यांना ती दिसलीच नाही. मी खालून टोक धरून ओढलं. ताडपत्री ताणली गेली, आणि तिच्यात एक टेंगूळ उभं राहिलं.

मला ते दिसलं. अगदी स्वच्छ दिसलं. मनात म्हटलं, भोक पाडायचं राहिलंय. नेहमी तेच पाडतात, आताही पाडतील. आधी हाक देतील, मग मी सांगेन. मी म्हणून आपणहून तोंड उघडायची नाही.

हाक काही आली नाही. पहिली गार माझ्या खांद्यावर आपटली. वरून पट्टी ठोकल्याचा आवाज आला, ठक ठक ठक, आणि हे भराभर शिडीवरून उतरले. सुतार गाडीजवळून ओरडत होता, "वहिनी, चला, डोकं फुटेल!" आम्ही पळालो. गाडी वळताना मी मागे बघितलं तर सासूबाई दारात येऊन हात हलवत होत्या. मीही हात हलवला. मला वाटलं, अच्छा करतायत.

घरी पोचलो आणि मग जी काही झोड उठली! एकमेकांचं बोलणं ऐकू येऊ नये असा आवाज. आम्हाला तसंही ऐकायचं नव्हतंच म्हणा. मी फोनजवळ बसले, सुतार दारात उभा राहून गारा बघत राहिला, हे खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. बऱ्याच वेळानं मारा ओसरला. बाहेर सगळं पांढरं झालं होतं. हे हात धुवायला न्हाणीघरात गेले, त्यांनी गरम पाण्याचा नळ सोडला, आणि आमचा गीझर पेटला. भक्!

रोज ऐकते मी तो आवाज. पण त्या दिवशी तो ऐकला आणि डोळ्यांसमोर ते टेंगूळ उभं राहिलं.

"अहो!" माझ्या तोंडून निघालं. "आईंच्या धुराड्याला भोक पाडलंत ना?"

हे कोपरापर्यंत साबण माखलेले तसेच बाहेर आले. "म्हणजे? तुला नळी दिसली नाही?"

"तुम्ही हाक कुठे दिलीत?"

"तू काही बोलली नाहीस, मला वाटलं..." एवढं म्हणून ते थांबले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. माझाही पडला असणार.

आणि सासूबाईंची सवय आम्हा दोघांनाही ठाऊक होती. गारांनी हवा थंडावली की त्यांचे गुडघे धरतात, आणि मग त्या कढत पाण्यानं अंघोळ करतात. वाफेनं आरसा दिसेनासा होईपर्यंत. दार-खिडकी घट्ट लावून.

मी फोन लावला. वाजतोय, वाजतोय, कुणी उचलत नाही. परत लावला. त्यांच्या शेजारच्या शिंपीणबाईंना लावला, त्यांचा लागेना. "सुतारभाऊ, रुग्णवाहिका बोलवा, आईंच्या घरी!" एवढं सांगून मी पळाले. हे आधीच गाडीत होते.

दोन गल्ल्या सोडून म्हणजे किती लांब? एरवी मी भाजीची पिशवी घेऊन चालत जाते. त्या दिवशी रस्त्यावर गारांचा थर साचलेला, गाडी साबणावरून चालल्यासारखी घसरत होती. फांद्या मोडून पडल्या होत्या. हे दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते.

"हाक तोंडात आली होती माझ्या," ते म्हणाले. "अगदी जिभेवर होती. म्हटलं, आधी मी कशाला बोलू? गिळली मी. आईच्या जिवावर गिळली."

मी गप्प बसू शकले असते. पण नाही राहवलं मला.

"टेंगूळ दिसलं होतं मला," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"दिसलं होतं, आणि मी तोंड मिटून उभी राहिले."

मला वाटलं, आता हे काहीतरी तोडून बोलतील. बोलले असते तर बरंच वाटलं असतं मला. पण त्यांनी फक्त माझा हात धरला आणि सोडला, कारण गाडी परत घसरायला लागली होती. चढावर गाडी जागची हलेना. त्यांनी ती तिथेच सोडली, टपावरची शिडी ओढून खांद्यावर घेतली आणि आम्ही पळत सुटलो. ह्यांच्या पायात बूट, माझ्या पायात घरातल्या चपला. दोनदा पडले मी. लागलं की नाही तेही कळलं नाही. मनात एकच चाललं होतं, की आज नको, देवा, आज नको. भांडायला तरी त्या हव्यात मला.

घराचं दार आतून लावलेलं. मी दार बडवलं, "आई! आई!" म्हणून गळा फाडला. आत हूं नाही की चूं नाही. ह्यांनी मागे शिडी लावली आणि कमरेची सुरी दातांत धरून वर चढले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले आणि काचेला नाक लावलं.

सासूबाई खुर्चीत होत्या. अंगाभोवती घोंगडी. मान एका बाजूला कललेली, तोंड उघडं, डोळे मिटलेले.

मी काच बडवली. त्या हलल्या नाहीत. मी परत बडवली. नाहीच. अंगणात सकाळच्या फुटक्या कौलांचा ढीग पडला होता. त्यातला एक तुकडा मी उचलला आणि घातला काचेवर. खळ्ळकन काच फुटली. कडी काढली आणि चढले आत. माझ्यासारख्या भरल्या अंगाच्या बाईनं खिडकीतून आत जाणं म्हणजे काय असतं ते सांगत नाही, कुणी बघितलं नाही हेच नशीब. श्वास रोखून मी मागचं दार उघडलं, पुढचं दार उघडलं, आणि येऊन सासूबाईंना काखेत हात घालून उचलायला लागले.

त्यांनी डोळे उघडले.

माझ्या तोंडाकडे बघितलं. मग फुटलेल्या खिडकीकडे बघितलं. मग परत माझ्याकडे.

"एवढ्या गारा पडल्या," त्या म्हणाल्या, "एक काच फुटली नाही. आणि ही बया आली कौल घेऊन!"

मी तिथेच, त्यांच्या पायाशी, काचांमधेच बसले. हसू की रडू ते कळेना, म्हणून दोन्ही केलं. त्यांच्या गुडघ्यांना मिठी मारली. "अगं, गुडघे! गुडघे दुखतात माझे!" त्या ओरडल्या, पण पाय काही त्यांनी मागे घेतले नाहीत. आजवर कधी ठेवला नव्हता तो हात त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला, आणि केसांतला काचेचा तुकडा काढून टाकला.

वरून ताडपत्री टरटर फाडल्याचा आवाज येत होता आणि त्यातून ह्यांचा आवाज, "आई! आई गं!" ते ऐकून मी भानावर आले. त्यांना कुठे काय माहीत होतं? मी अंगणात धावले. हे मोडक्या नळीजवळ गुडघ्यांवर बसून सुरी चालवत होते.

"अहो, आई ठीक आहेत!"

"काय?"

"ठीक आहेत! काच का फोडली म्हणून मला रागावतायत!"

हातातली सुरी सुटली आणि कौलांवरून घसरत खाली आली. हे तिथेच, छपरावर, गारांत फतकल मारून बसले आणि लहान मुलासारखे हमसून हमसून रडायला लागले. इतक्या वर्षांत मी ह्यांना असं रडताना बघितलं नव्हतं. मामंजी गेले तेव्हासुद्धा नाही. मी खाली उभी राहून नुसती बघत राहिले. छातीवरचा धोंडा उतरतो म्हणजे काय होतं, ते मला त्या अंगणात कळलं. गुडघ्यातून रक्त येतंय हेही तेव्हाच दिसलं.

मग रुग्णवाहिका आली, मागोमाग सुतार आला. परिचारिकेनं सासूबाईंच्या बोटाला चिमटा लावला, डोळे बघितले, छातीला नळी लावली. म्हणाली, "आजी ठणठणीत आहेत. ह्या बाईंच्या गुडघ्याला मात्र पट्टी लागेल." आणि मला पट्टी बांधून ती पुढच्या घरी गेली.

मी चहा ठेवला. सासूबाईंनी खणातून आपलं कानाचं यंत्र काढून कानात घातलं. गारांच्या वेळी त्या ते काढून ठेवतात, आवाजानं डोकं फुटतं म्हणतात. म्हणूनच फोन ऐकू आला नव्हता, दार बडवलेलं ऐकू आलं नव्हतं. हे त्यांच्यासमोर जमिनीवर बसून राहिले, त्यांचा हात धरून.

"आई, तुम्ही अंघोळ नाही केलीत?" मी विचारलं. "गुडघे दुखत असून?"

"कशी करणार? हाक कुठे झाली?"

मी चहा उतरवून कपांत ओतला.

"खिडकीशीच उभी होते की मी," त्या म्हणाल्या. "मला ऐकू कमी येतं, दिसत नाही असं नाही. ह्याचं तोंड हललं नाही. तुझं तोंड हललं नाही. मोकळं म्हटल्याशिवाय आपण गीझर लावतो का? गॅसची चावीच बंद करून टाकली मी. घोंगडी घेतली आणि बसले. बसल्या बसल्या डोळा लागला."

"अगं, पण आम्हाला सांगायचं नाहीस का?" हे म्हणाले.

"सांगायलाच दारात आले होते. हात करून बोलावत होते, तर ही मलाच उलटा हात हलवून निघून गेली."

सुतारानं चहाच्या कपात तोंड घातलं. त्याचे खांदे हलत होते.

"आणि म्हटलं, जातायत कुठे," सासूबाई पुढे म्हणाल्या. "बोलायला लागले की आठवेल, आठवलं की येतील. कशावरून होता एवढा अबोला?"

मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे.

"तुमच्या छपरावरून," मी सांगितलं.

ते ऐकून सासूबाई अशा हसल्या की कानातलं यंत्र निसटून मांडीवर पडलं. ते परत बसवून मग त्या एकदम गंभीर झाल्या आणि मुलाकडे बोट करून म्हणाल्या, "तिचं बरोबर आहे. गेल्या मोसमापासून थांबलेय मी." माझ्या बाजूनं बोललेलं त्यांचं हे पहिलं वाक्य. मी ते मनात नीट घडी घालून ठेवलं आहे.

हे उठले, चहा अर्धाच टाकून सुताराबरोबर गेले आणि गाडी चढावरून काढून घेऊन आले. गाडीतून नवी नळी काढली, टोपी काढली. माझा फोन वाजत होता, गिऱ्हाइकं खोळंबली होती. मी प्रत्येकाला एकच सांगत होते, आज नाही जमणार, आमच्या घरचं काम आहे. अशी उत्तरं देताना मला काय बरं वाटत होतं म्हणून सांगू!

उजेड होता तोवर काम चाललं. सुतारानं मोडकी नळी उपटली, ह्यांनी नवी बसवली आणि तिच्या गळ्याशी डांबर भरलं. फाटलेली ताडपत्री काढून दुसरी टाकली, नळीपुरतं गोल भोक कापून तिच्यातून नळी वर काढली. कौलं उद्या सकाळी, सगळ्यांच्या आधी, असं ह्यांनी वरूनच जाहीर केलं. सासूबाई खिडकीशी उभ्या होत्या. कानात यंत्र, खांद्यावर टॉवेल, हातात साबणाची वडी.

शेवटची पट्टी राहिली. ह्यांनी हातोडा बाजूला ठेवला. दोन्ही हात तोंडाशी धरले.

"धुराडं?"

मी मागे सरकले. अजून मागे. कुंपणाला पाठ टेकली तेव्हा नळीचं तोंड पूर्ण दिसलं, वरची टोपी दिसली, दोघांमधली मोकळी फट दिसली. तरी ओरडण्याआधी मी सगळं एकदा ताडून बघितलं. ह्यांनी वाट बघितली. घाई केली नाही.

"मोकळं!" मी ओरडले.

"ऐकू आलं!" सासूबाईंनी खिडकीतून सांगितलं. "काय तो आवाज!" आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

थोड्या वेळानं आत भक् झालं. पाण्याचा आवाज यायला लागला. नळीच्या टोपीखालून गरम हवा निघाली आणि तिच्यामागचं आभाळ हलल्यासारखं दिसायला लागलं. हे शिडीवरून उतरायचं सोडून तिथेच बसून राहिले, मी कुंपणाला टेकून उभी राहिले. सुतारानं हत्यारं गोळा केली, आमच्याकडे एकदा बघितलं आणि गाडीत जाऊन बसला. आत सासूबाई काहीतरी बेसूर गुणगुणत होत्या.

"धुराडं?" ह्यांनी परत विचारलं. ओरडून नाही, साध्या आवाजात.

मी परत नीट बघितलं. "मोकळं," मी म्हटलं. पाणी बंद होईपर्यंत त्यांनी मला असं आणखी दोन-तीनदा विचारलं, आणि मी दर वेळी बघून सांगितलं.